न दाखवायचं पत्र

हर्बर्ट हॉफलर पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांनी कोट काढला नाही, टोपी काढली नाही आणि हातातलं पाकीटही टेबलावर ठेवलं नाही. ते मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. वय एकोणऐंशी, लांब चेहरा, दाढी करताना कापलेल्या जागी कागदाचा कपटा चिकटवलेला. आधी त्यांनी खोलीतल्या खिडक्या पाहिल्या, मग दार, मग मला.

"फुकट?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग तुम्हाला यातून काय मिळतं?"

प्रश्न रास्त होता. आम्ही आयर्लंडमधल्या लिमरिकला आलो २०१६च्या उन्हाळ्यात. गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. माझ्या व्हिसावर मात्र नोकरी करायला परवानगी नव्हती. पुण्यात मी अकरा वर्षं एका दप्तरखान्यात मोडी कागद वाचत होते. त्यातच कर्नाटकाच्या सीमेवर राहिलेल्या जर्मन मिशनऱ्यांच्या पत्रांचं एक मोठं बाड आमच्याकडे आलं. त्यापायी मी आधी जर्मन शिकले आणि मग जुनं जर्मन हस्ताक्षरही. तेही मोडीसारखंच असतं, एकदा लेखणी टेकली की उचलायची नाही असं ठरवून लिहिल्यासारखं. लिमरिकच्या भाड्याच्या घरात सहा महिने भांडी घासून आणि खिडकीबाहेर वाहणारी नदी बघून मी कंटाळले. तेवढ्यात पाऊण तासावरच्या बॅलिनॉर्ड नावाच्या लहान गावातल्या ग्रंथपाल नोराशी ओळख झाली. वाचनालयाच्या माडीवर गावाच्या इतिहासाची एक खोली होती. दर मंगळवारी बसने जाऊन मी तिथे बसू लागले. नोराने चर्चच्या पत्रकात छापून आणलं : जुनं जर्मन हस्ताक्षर विनामूल्य वाचून मिळेल.

आयर्लंडच्या खेड्यात जर्मन कागद कुठून आले, हे सांगायला हवं. १७०९ साली ऱ्हाइन नदीच्या काठची हजारो गरीब माणसं घरदार सोडून लंडनला येऊन थडकली. ही प्रॉटेस्टंट माणसं आहेत, धर्मापायी त्यांचा छळ झाला आहे, असा बोलबाला झाला आणि राणीच्या सरकारने त्यांना आसरा दिला. शहराबाहेरच्या माळावर त्यांच्यासाठी तंबू ठोकले. त्यातली काहीशे कुटुंबं आयर्लंडला पाठवली. दर कुटुंबाला थोडी जमीन, अगदी हलका खंड, त्याचाही भार बरीच वर्षं सरकारने उचललेला आणि पुरुषाच्या हातात एक बंदूक. बंदूक अशासाठी की आजूबाजूचे लोक पोपला मानणारे कॅथलिक होते. जमिनी मुळात त्यांच्या होत्या आणि या पाहुण्यांबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बरीच कुटुंबं कंटाळून निघून गेली. लिमरिकच्या बाजूला काही टिकली. त्यांच्या वंशजांना मूळ मुलखाच्या नावावरून अजून पॅलटाइन म्हणतात. जर्मन भाषा तिसऱ्या-चौथ्या पिढीलाच गेली. आडनावं राहिली. हॉफलर हे त्यातलंच.

हे सगळं हर्बर्टना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते मी कोण आहे हे. मी सांगितलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. त्यातल्या एकाही शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. शेवटी त्यांनी पाकिटातून तीन बोटं रुंदीची एक पट्टी काढली. एका मोठ्या कागदाची झेरॉक्स काढून कात्रीने कापलेली पट्टी. तिच्यावर चार ओळी होत्या.

"बाकीचं कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले.

त्या चार ओळींत कोणीतरी आपल्या भावाला लिहिलं होतं की आम्ही जिवंत आहोत, धाकटी मुलगी वाटेत गेली आणि इथली माती काळी आहे, पण फार ओली. मी मराठीत आधी मनात लावलं, मग इंग्रजीत वाचून दाखवलं. हर्बर्टनी पट्टी परत घेतली, पाकिटात घातली आणि 'ग्रँड', म्हणजे तिकडच्या बोलीत 'ठीक', एवढंच म्हणून जिना उतरून गेले.

मग ते असेच येत राहिले. कधी दर आठवड्याला, कधी दोन-दोन महिने गायब. दर वेळी एकच पट्टी, आणि तीही क्रमाने नाही. मी नक्कल करून ठेवू का विचारलं तर नाही म्हणाले. मी पट्टीकडे जास्त वेळ पाहिलं तर त्यांचं बोट टेबलावर हळूहळू पुढे यायचं. नोराकडून मला तुकड्यातुकड्यांनी त्यांची हकिकत कळली. लग्न केलं नाही. बहीण ऑलिव्ह कॉर्कला दिलेली. दुधाचा धंदा होता. दहा वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा गाई विकल्या. आता चार वासरं आणि गवत. त्यांच्या लहानपणी कॅनडाहून एक दूरचा नातलग आला होता. त्याने घरचं जुनं बायबल नुसतं बघायला म्हणून नेलं, ते गेलंच. त्याच्याही आधी, आयर्लंड इंग्रजांपासून स्वतंत्र होण्याच्या धामधुमीत, दोन माणसं हॉफलरांच्या दारात आली होती आणि आजोबांना म्हणाली होती की तुमच्यासारख्यांची नावं आमच्या यादीत आहेत. यादी कसली, ते कोणी विचारलं नाही. पण तेव्हापासून त्या घरात कोणतीही गोष्ट अनोळखी माणसाला पूर्ण दाखवत नाहीत, असं नोरा म्हणाली. गावात हर्बर्टना वाईट कोणी म्हणत नव्हतं. पण त्यांच्या घरात आत गेलेलं माणूसही मला भेटलं नाही.

एका मंगळवारी त्यांनी दिलेली पट्टी मला खटकली. अक्षर सुबक, गोल, शाळकरी होतं. मी त्यांना म्हटलं की हे त्या पत्रातलं नाही. हे भजन आहे, कोणीतरी पोराने छापील पुस्तकातून उतरवून काढलेलं, आणि पत्राहून निदान पन्नास वर्षांनी. मला राग आला होता, पण आवाज मी सपाट ठेवला. हर्बर्टनी पट्टी घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं, उलट प्रथमच थोडा सैलपणा आला होता.

"तुम्ही मनाने रचून सांगता की काय, ते बघायचं होतं," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

पण संशय एकतर्फी नव्हता. मलाही त्यांचा संशय होता. एवढं लपवण्यासारखं काय असेल? कागद चोरीचा तर नाही? कुठल्या चर्चच्या दप्तरातून उचललेला? मला वापरून घेऊन हा माणूस तो परदेशात विकणार तर नाही? दप्तरखान्यात अकरा वर्षं काढली की माणूस असा विचार करू लागतो. आणि मग २०१८च्या मार्चमध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात एक निनावी चिठ्ठी गेली. बॅलिनॉर्डच्या वाचनालयात एक परदेशी बाई परवानगीशिवाय काम करते, असं तिच्यात होतं. नोराने रडवेल्या आवाजात फोन करून सांगितलं की खुलासा होईपर्यंत येऊ नकोस.

गिरीश म्हणाला, सोडून दे, कशाला लचांड. आमचा राहण्याचा परवाना त्याच वर्षी नव्याने करायचा होता, एक खुसपट निघालं तरी पुरे. मी पाच आठवडे घरी बसले आणि पाचही आठवडे माझ्या डोळ्यांसमोर एकच लांब चेहरा होता. फुकट कोण काम करतं, असं मला तोंडावर विचारणारा गावात तो एकच माणूस होता. स्वयंसेवा म्हणजे नोकरी नव्हे, असं कार्यालयाचं लेखी उत्तर आलं आणि मी पुन्हा गेले, तेव्हा वाचनालयाबाहेर त्यांची जुनी हिरवी गाडी उभी होती. नोरा म्हणाली, गेले पाचही मंगळवार ते असेच येऊन तासभर गाडीत बसत होते.

ते वर आले, बसले. खिशातून पट्टी काढली नाही.

"ती चिठ्ठी मी लिहिली नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला वाटतंय की मीच लिहिली."

मी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं.

"तुमच्या जागी मी असतो तर मलाही माझाच संशय आला असता."

चिठ्ठी कोणी लिहिली ते आजवर कळलं नाही. हर्बर्टनी लिहिली नाही यावर मी विश्वास ठेवला, एवढंच. आणि त्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं की हा कागद ते का जपतात. त्यांच्या आईने मरताना सांगितलं होतं, पेटीतला जर्मन कागद कोणाला दाखवू नकोस. आईला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वाचता तर दोनशे वर्षांत कोणालाच आला नव्हता. जमीन जाईल, असं काहीसं आई पुटपुटली होती.

"मला पोरबाळ नाही," हर्बर्ट म्हणाले. "कोणाला दाखवू नको, हे सांगायलाही माझ्यामागे या घरात कोणी नाही. म्हणून म्हटलं, काय लपवतोय ते तरी कळावं."

त्याच वर्षी नोव्हेंबरात गावात दुसरीच कुजबुज सुरू झाली. हमरस्त्यावरचं बंद पडलेलं हॉटेल सरकार आश्रयाला आलेल्या लोकांसाठी घेणार. कोणी म्हणे ऐंशी माणसं, कोणी म्हणे दोनशे, कोणी म्हणे सगळे एकटे पुरुष. सभागृहात बैठक झाली. नोरासोबत मीही गेले आणि मागे उभी राहिले. शेजारच्या माणसाने मला अगदी सौजन्याने विचारलं की तू हॉटेलवाल्यांपैकी का. मी नाही म्हणाले. तो बरं म्हणाला, पण नंतर दोनदा वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.

बोलणारे फार नव्हते, पण बोलले ते सगळे एकच बोलले. डॉक्टर एकच आहे, शाळेत जागा नाही, आम्हाला कोणी विचारलं नाही. एक धिप्पाड माणूस उठून म्हणाला की माझा कोणावर राग नाही, पण ही माणसं कोण आहेत हे आपल्याला कसं कळणार? आत येण्यासाठी जे विचाराल त्याला ते हो म्हणतील. लोकांनी माना हलवल्या. मग ज्यांचा विरोध आहे त्यांनी हात वर करा, असं झालं. तिसऱ्या रांगेत हर्बर्टचा हात वर गेला. लगेच नाही. आजूबाजूचे वर गेल्यावर. पण गेला, आणि खाली करा म्हणेपर्यंत वरच राहिला.

मी बसने घरी आले. दोन वर्षं ज्या माणसासमोर बसून मी त्याच्या पूर्वजांचे हालहवाल वाचले, त्याला मी कोण वाटत होते? हा प्रश्न मला रात्रंदिवस छळत राहिला. पुढच्या मंगळवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेले.

हर्बर्ट आले. बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांनी पट्टी पुढे सरकवली. ही नेहमीपेक्षा रुंद होती, नऊ-दहा ओळींची. मी वाचू लागले आणि चौथ्या ओळीला थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पट्टी उलटी करून टेबलावर ठेवली.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं की ही पट्टी मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही.

कारण यात जे आहे ते मी आज सांगितलं तर तुम्ही म्हणाल की बैठकीतल्या हातामुळे मी ते रचलं. आणि तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. हे त्यांना समजावायला मला बराच वेळ लागला. मग मी उपाय सांगितला. मी माझं वाचन लिहून पाकिटात बंद करून नोराकडे देते. तुम्ही ही पट्टी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, मला न सांगता. मग दोन्ही समोरासमोर ठेवा.

ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. यात काय डाव असेल, ते शोधत होते. सापडला नसावा. नोराने पाकिटावर सही केली, हर्बर्टनी केली, मी केली. पाकीट नोराच्या कपाटात गेलं.

ते पुन्हा आले थेट फेब्रुवारी २०१९मध्ये. गॉलवेला एक म्हाताऱ्या जर्मन बाई राहतात, आयुष्यभर विद्यापीठात शिकवलेल्या. त्यांच्याकडे ते तीनदा गाडी चालवत गेले होते. बाईंना आपलं नाव हर्बर्टनी रायन सांगितलं होतं आणि पट्टी लिलावात मिळाली असं म्हटलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटत होतं असं दिसलं नाही.

नोराने पाकीट फोडलं. गॉलवेच्या बाईंचा टंकलिखित कागद शेजारी ठेवला. हर्बर्ट बोट ठेवून एक-एक ओळ ताडून बघत गेले. माझ्या कागदावर होतं ते असं :

'लंडनच्या माळावर एक कारकून आला, त्याच्याबरोबर एक पाद्री. दर तंबूत विचारत होते, धर्म कोणता. रोमचे असाल तर परत जावं लागेल, वाटखर्च मिळेल. शेजारचा कास्पर खरं बोलला. दुसऱ्या दिवशी त्याचा तंबू रिकामा होता. मी माझं खरं तेच सांगितलं आणि माझ्या मार्गारेटाचंही मीच तेच सांगितलं. ती खाली बघत राहिली. तिची रोमची जपमाळ पिठाच्या पोत्यात आहे. आमचा छळ कोणी केला, असंही त्यांनी विचारलं. भाऊ, तुला ठाऊक आहे, आमच्या द्राक्षवेली थंडीने मेल्या. पण इथले भले लोक थंडीबद्दल विचारत नाहीत, छळाबद्दल विचारतात. म्हणून मी छळाचं सांगितलं.'

दोन्ही कागदांत एका शब्दाचा फरक होता. मी पोतं वाचलं होतं, गॉलवेच्या बाईंनी पेटी. बाकी सगळं जुळलं.

हर्बर्टनी टोपी घातली. दाराशी जाऊन ते थांबले आणि म्हणाले, शनिवारी या, नवऱ्यालाही आणा, गाडी आत आणता येईल.

त्यांच्या घरात आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीवर किटली होती. ओट्यावरच्या प्रेसमधून, तिकडे भिंतीतल्या कपाटाला प्रेसच म्हणतात, त्यांनी एक बिस्किटांचा डबा काढला आणि त्यातून अखंड कागद टेबलावर पसरला. चार घड्यांवर झिजलेला, शाई तपकिरी झालेली, कडेला उंदराने खाल्लेला. मला सगळ्यात आधी दिसला तो शब्द : पेटी. माझं चुकलं होतं, झेरॉक्समध्ये घडीची रेघ अक्षरावर आली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. माझी चूक निघाल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

अगदी तळाशी एक ओळ होती जिची झेरॉक्स त्यांनी कधीच काढली नव्हती. ती वाचायला मला कोणी हरकत घेतली नाही. भावाला लिहिलं होतं : 'वाचून झालं की जाळ.'

पत्र भावाला कधी पोचलंच नव्हतं. पाठवणाऱ्याला धीर झाला नसेल, किंवा नेणारा कोणी भेटला नसेल. मी त्यांना कायद्याचं सांगितलं. त्या काळी प्रॉटेस्टंट कुळाची बायको मार्गारेटासारखी कॅथलिक निघाली तर कुटुंबावर ठपका आला असता आणि आसऱ्याला आलेल्यांची जमीन तर आसऱ्याच्या अटीवरच होती. म्हणून भीती खरी होती. ती अट जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली. कायदा गेला, राणी गेली, राज्य गेलं, भाषा गेली. फक्त 'कोणाला दाखवू नको' एवढं उरलं.

"म्हणजे आम्ही खोटं बोलून आत आलो," हर्बर्ट म्हणाले.

गिरीश पटकन म्हणाला की तुम्ही नाही, ते.

"मीच त्यांचं खातोय," हर्बर्ट म्हणाले आणि मग चहाची किटली उतरवायला उठले.

त्यानंतर सगळं बदललं असं म्हणायला मला आवडलं असतं. मार्चमध्ये नियम बदलला आणि माझ्यासारख्या बायकांना नोकरीची मुभा मिळाली. मला लिमरिकमध्ये एका संग्रहालयात काम लागलं. मंगळवार बंद झाले, मी शनिवारी जाऊ लागले. मेमध्ये हॉटेलात कुटुंबं आली, ऐंशी नाही, दोनशे नाही, चौतीस माणसं. हर्बर्ट त्यांना भेटायला गेले नाहीत. रस्त्यात त्यांच्यातलं कोणी दिसलं तर ते माझ्याकडे जसं पहिल्या दिवशी बघत होते तसंच त्यांच्याकडे बघत. पण गावकऱ्यांनी हॉटेल बंद करा असा अर्ज फिरवला तेव्हा त्यांनी सही केली नाही. अर्ज घेऊन आला होता त्यांचा शेजारी डेनी, जो दर वर्षी त्यांचं गवत कापून द्यायचा. त्याने विचारलं, तुझा तर बैठकीत हात वर होता. हर्बर्ट म्हणाले, होता. मग आता काय झालं, असं डेनीने विचारलं. हर्बर्टनी सांगितलं नाही. पत्राचं तर मुळीच नाही.

त्यामुळे डेनीने आपल्या परीने अर्थ लावला. म्हाताऱ्याने जमीन हॉटेलवाल्यांना द्यायचं ठरवलंय, हे गावात पसरायला आठवडा लागला. रविवारी चर्चबाहेर लोक त्यांच्याशी हवामानाबद्दल बोलायचे, त्याच्या पलीकडे जाईनासे झाले. जुलैत मी गेले तेव्हा त्यांच्या शेतातलं गवत कमरेइतकं वाढून आडवं पडलं होतं. गिरीशने कॉर्कहून ऑलिव्हच्या मुलाला बोलावून घेतलं, त्याने भाड्याचं यंत्र आणून कापलं. निम्मं कुजलं होतं. मी हर्बर्टना म्हटलं की डेनीला खरं काय ते सांगा ना. ते म्हणाले, सांगितलं तर तो म्हणेल मी रचलं.

सप्टेंबरात त्यांनी मला दफनभूमीत नेलं. हॉफलरांचा सगळ्यात जुना दगड शेवाळाने भरलेला होता. त्यावर पत्र लिहिणाऱ्याचं, योहान पीटर हॉफलर हे नाव आणि खाली 'व त्याची पत्नी' एवढंच. तिथे एक पाथरवट गुडघ्यावर बसून काम करत होता. पाद्रीबाईंनी परवानगी देताना विचारलं होतं, या बाईंबद्दल काही नोंद आहे का, पंथ वगैरे. हर्बर्ट म्हणाले होते, नाव आहे, तेवढं पुरे. दगडाची भुकटी उडत होती. मार्गारेटाचं शेवटचं अक्षर कोरून होईपर्यंत ते टोपी हातात घेऊन उभे होते. मग त्यांनी पाथरवटाला विचारलं की अक्षरं दुसऱ्या कोणी कोरल्यासारखी तर वाटत नाहीत ना. वाटत होतीच. तीनशे वर्षांचा फरक होता. पाथरवट म्हणाला, दोन पावसाळ्यांत मिसळून जातील.

पत्राचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. मी काउंटीच्या अभिलेखागाराचं नाव सुचवलं. ऑक्टोबरात ते माझ्यासोबत आले, दोन तास प्रश्न विचारले, खोलीच्या किल्ल्या किती आहेत इथपर्यंत, आणि अखेर अट घातली की तीस वर्षं कोणालाही दाखवायचं नाही. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने तीस का, असं विचारलं.

"तोवर वाईट वाटून घेणारे सगळे मेलेले असतील," हर्बर्ट म्हणाले.

परतताना गाडीत मी त्यांना विचारलं की मला हे कधी लिहावंसं वाटलं तर. त्यांनी पुढच्या वळणावर गाडीचा वेग कमी केला. मग विचारलं, कोणत्या भाषेत. मी म्हटलं, माझ्या.

"इकडे ती वाचता येणारे किती आहेत?"

मी सांगितलं, आहेत. डब्लिनमध्ये बरेच, गॉलवेत थोडे, लिमरिकमध्ये पन्नासएक घरं असतील. बहुतेक कंपन्यांत कामाला.

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला.

"बॅलिनॉर्डमध्ये?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मग लिहा," ते म्हणाले. "गावाचं नाव मात्र दुसरं घाला. आणि माझंही."

मी दोन्ही बदलली आहेत.